भूमि-अभिलेखांचे संगणकीकरण

जमिनीचे क्षेत्र, तीवरील हक्क, आकारणी, पिके इ. बाबींच्या शासकीय नोंदी संगणकावर घेऊन त्या अद्ययावत ठेवण्याची व नागरिकांस उपलब्ध करून देण्याची पद्धती. शेतकऱ्याचा शासनाशी अत्यंत निकटचा संबंध या नोंदींद्वारे येतो. म्हणून लोकशाही प्रशासनाच्या आधुनिकीकरणात तिला विशेष महत्त्व आहे.

बीड जिल्ह्याचा आष्टी तालुका या स्थित्यंतराचे बोलके उदाहरण होय. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याला लागून असलेला हा कोरडवाहू प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत असे. सीमेपलीकडे मुंबई इलाख्याची महसूल व्यवस्था होती, तर अलीकडे सालारजंग यांनी १८६५ मध्ये घातलेली जिल्हाबंदी. संस्थानी दप्तर पुढे उर्दूत असल्याने मराठी कुळास स्वतःच्या जमिनीची नोंद दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे. विलीनीकरणानंतर तयार झालेले १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत आजही महत्त्वाचा पुरावा मानले जाते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आला. हक्काचा गाव नमुना सात व पिकांचा गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा म्हणजेच सातबारा. नोंद आता मराठीत आली. तथापि तिचा ताबा तलाठ्याच्या दप्तराकडेच राहिला.

केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये निवडलेल्या आठ प्रायोगिक जिल्ह्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मुळे अंकीय स्वाक्षरीस विधिमान्यता मिळाली आणि १ मे २०१८ रोजी राज्यात अंकीय स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः भ्रमणध्वनीवरून करू लागला.

मात्र संगणक नोंद जतन करतो, तिची सत्यता पारखत नाही. हस्तलिखितातील चूक वा गाळलेल्या वारसाचे नाव तसेच संगणकात उतरते. यासाठी २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यांचे गावोगाव चावडीवाचन करण्यात आले. जुन्या प्रथेने नव्या यंत्राची तपासणी केली. कायद्यानुसार सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. ती मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. फेरफार मंजूर होण्यापूर्वी संबंधितांना नोटीस देणे व पंधरा दिवसांत हरकत नोंदविण्याची संधी देणे म्हणूनच आवश्यक ठरते. उतारा मिळण्यास लागणारा वेळ तंत्रज्ञानाने घटविला. परंतु निरक्षर वा स्थलांतरित खातेदारापर्यंत ही नोटीस वेळेत न पोहोचल्यास त्याच्या अपरोक्ष त्याची जमीन दुसऱ्याच्या नावे लागू शकते. या सुधारणेचे लोकशाही मूल्य हरकतीच्या या हक्कावरच अवलंबून आहे.