डोळ्यातलं इंजेक्शन नेमकं करतं काय? नव्या रक्तवाहिन्या आणि पेशींवरचे ‘रिसेप्टर’

मधुमेहाच्या पेशंटला डॉक्टर ‘डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल’ म्हणाले की घरातली माणसं हबकतात. या इंजेक्शनचा साखरेशी थेट संबंध नाही. ते रोखतं नको तिथं फुटणाऱ्या नि गळणाऱ्या रक्तवाहिन्यांना.

शरीराच्या एखाद्या भागाला ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या पेशी ‘व्हीईजीएफ’ नावाचं प्रथिन सोडतात. जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींवर हा निरोप घेणारे रिसेप्टर, म्हणजे ग्राही, असतात. प्रथिन चिकटलं की दोन रिसेप्टर जोडीनं जवळ येतात, पेशीच्या आत एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि पेशी वाढू, सरकू लागतात. नवा फाटा फुटतो. हे मुख्य काम दुसऱ्या क्रमांकाच्या रिसेप्टरचं. पुढं सरकलेली पेशी शेजारणींना त्यांचे रिसेप्टर कमी करायला लावते, म्हणून सगळ्याच एकदम धावत सुटत नाहीत.

गंमत पहिल्या क्रमांकाची. तो प्रथिनाला दुसऱ्यापेक्षा साधारण दहापट घट्ट धरतो, पण आत निरोप फारसा पोचवत नाही. माल उचलून गोदामात टाकणारा व्यापारीच म्हणा (आम्ही कॉमर्सवाले, हीच उपमा सुचणार). बाजारात माल कमी, म्हणून वाढ आटोक्यात. तिसऱ्या क्रमांकाचं काम मुख्यतः लसिकावाहिन्यांचं.

मधुमेहात डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, ऑक्सिजन तुटतो, व्हीईजीएफ वाढतं. जुन्या वाहिन्या पाझरून पडद्याला सूज येते. नव्या फुटतात त्या कच्च्या, रक्तस्राव होणाऱ्या. त्यातून नजर जाते.

बेव्हॅसिझुमॅब आणि रॅनिबिझुमॅब ही औषधं हे प्रथिन वाटेतच पकडतात. अफ्लिबरसेप्ट तर पहिल्या आणि दुसऱ्या रिसेप्टरचे तुकडे जोडूनच बनवलंय, म्हणजे चक्क नकली रिसेप्टर! यातलं बेव्हॅसिझुमॅब मुळात कॅन्सरचं औषध. गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या तोडा, हा विचार अमेरिकेतले सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी या औषधाला तिथं मंजुरी मिळाली ती २००४ मध्ये.

औषध डोळ्यात काही आठवडेच टिकतं, म्हणून डोस पुन्हा घ्यावे लागतात. ‘आता दिसतंय की’ म्हणून पुढची तारीख चुकवली तर सूज परत येऊ शकते. अलीकडे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. इंजेक्शननंतर दुखणं वाढलं, डोळा लाल झाला किंवा नजर अंधुक झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.