कर्ड्याचा बहिष्कार आणि गावकीची एकी

इ.स. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांविषयी लिहिताना बहुतेक लेखक सुप्याच्या बाजारापासून सुरुवात करतात. १२ मे १८७५ रोजी बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी तेथील मारवाडी आणि गुजर सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, हिशेबाच्या वह्या आणि कर्जखते ओढून काढली आणि त्यांची होळी केली. सुपे आज बारामती तालुक्यात असले तरी तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. आजच्या दौंड तालुक्याचा बराचसा मुलूखही त्या भीमथडीतच मोडत असे. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर या दोन्ही जिल्ह्यांतील गावांत पोहोचले. एकूण ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या. शालेय पुस्तकांतून आपल्या लक्षात राहते ती ही आग.

परंतु या आगीच्या सुमारे पाच महिने आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी जे घडले त्यात काहीही जळले नव्हते. तरीही, माझ्या मते, या प्रदेशातील सार्वजनिक जीवनाच्या इतिहासात कर्ड्याचे महत्त्व सुप्याहून अधिक आहे. सुप्यात जमाव होता, कर्ड्यात संघटना होती. हा फरक नीट समजून घेतला, तर गाव, वाडी, आळी अशा पातळीवर माणसे एकत्र कशी येतात आणि त्या एकीचे बळ नेमके कशात असते, याचे काही उत्तर हाती लागते.

प्रथम घटनाक्रम पाहू. कर्ड्याचा काळूराम हा मारवाडी सावकार. त्याने बाबासाहेब देशमुख या कर्जबाजारी झालेल्या, परंतु गावात मानमरातब असलेल्या गृहस्थावर दिवाणी कोर्टातून हुकूमनामा मिळवला, त्यांचे घर विकत घेतले आणि ते पाडण्यास सुरुवात केली. कायद्याच्या दृष्टीने यात काही वावगे नव्हते. परंतु गावाच्या दृष्टीने एका घरंदाज माणसाचे घर गावादेखत पाडले जाणे ही साधी वसुली नव्हती. देशमुखांनी गावाला एकत्र केले आणि गावाने ठरवले की सावकारांशी कोणताही व्यवहार ठेवायचा नाही. त्यांची जमीन कोणी कसायची नाही, त्यांच्या घरी कोणी चाकरीस जायचे नाही, पाणी भरायचे नाही, न्हाव्याने त्यांची हजामत करायची नाही. हे अगदी निर्मळ असहकाराचे उदाहरण होते असे मात्र समजू नये. दारात घाण टाकण्यासारखे त्रासदायक प्रकारही झाले. अखेर सावकारांनी आपली चीजवस्तू तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे शिरूरला हलवली. हा प्रकार मग आसपासच्या गावांतही पसरला.

यामागची आर्थिक कारणे अनेकांनी मांडली आहेत, म्हणून येथे ती थोडक्यात देतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव चढले, पत वाढली, कर्जे सहज मिळू लागली. युद्ध संपताच भाव कोसळले. याच काळात तीस वर्षांची जुनी सारा-आकारणी संपून नवी, वाढीव आकारणी सुरू झाली. इंदापूर तालुक्यात ती १८६७ मध्ये आली, पुढे इतर तालुक्यांत. शिवाय १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. ऋणकोला संरक्षण मिळावे असा हेतू असलेल्या या कायद्याचा परिणाम उलटाच झाला. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले आणि व्याजावर व्याज चढत गेले. ज्याला अक्षरओळख नाही त्याने खतावर नांगराची निशाणी करायची आणि त्या निशाणीचा अर्थ पुढे कोर्टाने सांगायचा, असा हा व्यवहार होता.

आता कर्ड्याच्या गावकऱ्यांनी काय केले याचा विचार करू. कागदावर त्यांचा इलाज चालत नव्हता, कारण कागद सावकाराचा आणि कोर्ट सरकारचे. त्यांच्या हाती एकच गोष्ट होती, ती म्हणजे शेजार. गावगाड्यात सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, चांभार, महार, मांग अशा बलुतेदारांची कामे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असत आणि सुगीत खळ्यावर मिळणारे धान्य हा त्यांचा मोबदला असे. गावात राहणे म्हणजे या देवघेवीत सामील असणे. सावकाराकडे कितीही रोकड असली, तरी पाणी, सरपण, दाढी, धुणे, नांगरट या साऱ्यांसाठी तो गावावरच अवलंबून होता. गावाने त्याच्याकडून काही हिरावून घेतले नाही. आपण रोज जे देत होतो ते देणे फक्त थांबवले.

या एकीचे लेखी रूपही उपलब्ध आहे. दंग्यांनंतर सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालात इंदापूर तालुक्यातील कळस गावच्या कराराचा समावेश आहे. सावकाराची जमीन कोणी कसू नये, त्याची सेवा-चाकरी करू नये आणि जो हा ठराव मोडेल त्याला जातीच्या पंगतीत बसू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. बलुतेदारांनाही त्यात बांधून घेतले आहे. गावकरी निरक्षर होते, परंतु कागदाची ताकद त्यांना ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. सावकाराच्या खताला त्यांनी आपल्या खताने उत्तर दिले. फरक एवढाच की या खताची अंमलबजावणी करायला कोर्ट नव्हते, पंगत होती.

येथे एका योगायोगाची आठवण होते. १८८० च्या शरद ऋतूत आयर्लंडमधील मेयो परगण्यात, लॉर्ड अर्न यांच्या जमिनीची व्यवस्था पाहणाऱ्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्यावर तेथील कुळांनी असाच बहिष्कार घातला. मजूर कामावर येईनात, दुकानदार माल देईनात. त्याचे पीक काढण्यासाठी उत्तरेकडून माणसे आणून त्यांच्या रक्षणास फौज ठेवावी लागली. त्याच्या नावावरून जगाला 'बॉयकॉट' हा शब्द मिळाला. कर्ड्याची घटना त्याच्या जवळजवळ सहा वर्षे आधीची. याचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही, कारण दोन्ही ठिकाणच्या लोकांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. मुद्दा वेगळा आहे. जेथे कायदा बलवानाच्या बाजूने असतो आणि दुर्बलांकडे फक्त संख्या आणि शेजार असतो, तेथे हे हत्यार आपोआप सुचते.

त्याच काळात, शिरूरपासून फार दूर नसलेल्या पुणे शहरात, एकीचा दुसरा प्रकार आकार घेत होता. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे 'सार्वजनिक काका', हे तिचे प्राण. सभेचा सभासद होण्यासाठी किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुख्त्यारपत्र आणावे लागे. आरंभीच्या ९५ सभासदांनी सुमारे ६,००० लोकांची मुख्त्यारपत्रे आणली होती. मूळ तक्रार एका देवस्थानची, पण तिच्यातून प्रतिनिधित्वाची कल्पना उभी राहिली. सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची माहिती गोळा केली, सरकारकडे अर्ज केले, तंटे आपसात मिटावेत म्हणून लवाद कोर्टाचा प्रयोगही केला.

गावाचा करार आणि शहराचे मुख्त्यारपत्र हे दोन कागद शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. मुख्त्यारपत्र देणारा माणूस म्हणतो, 'माझ्या वतीने तुम्ही बोला.' करारात सामील होणारा म्हणतो, 'मी अमुक करणार नाही, आणि केले तर गावाने मला शिक्षा करावी.' पहिल्यात सही केली की काम दुसऱ्याचे. दुसऱ्यात सही केली की किंमत स्वतः मोजायची. पहिला कागद सरकारच्या टेबलापर्यंत पोहोचतो पण सावकाराच्या दारापर्यंत पोहोचत नाही, दुसऱ्याचे नेमके उलटे. १८७६-७७ च्या दुष्काळात या दोन्ही रीती काही काळ एकमेकींच्या जवळ आल्या. दुष्काळी कामांवरील मजुरी घटवून दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली गेली, तेव्हा १८७७ च्या आरंभी हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि सार्वजनिक सभेने त्यांची बाजू अर्जांतून मांडली. एकीकडे काम नाकारणे, दुसरीकडे लेखी दाद मागणे. पुढील शतकातील चळवळींत ही जोडी पुन्हापुन्हा दिसते.

दंग्यांचे महत्त्व इतिहासकारांनी वाढवून सांगितले, असा आक्षेप नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली घेतला. दंगे मर्यादित होते, हिंसा किरकोळ होती, ग्रामीण समाजात त्यामुळे मोठा पालट झाला नाही, असे त्यांचे म्हणणे. दंग्यांपुरते ते बऱ्याच अंशी पटण्यासारखे आहे. परंतु कर्डे आणि कळसच्या करारांना हा आक्षेप तितकासा लागू पडत नाही. दंगा एका दिवसात विझतो. करार मात्र लोकांना रोज पाळावा लागतो, आणि तो पाळला गेला हेच त्याचे यश. सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्यता कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला, खतांची गावपातळीवर नोंदणी आणि सलोखा घडवून आणणारे अधिकारी अशा तरतुदी त्यात आल्या. म्हणजे तंटा कोर्टात जाण्याआधी गावाजवळ मिटावा, हे तत्त्व सरकारलाही मान्य करावे लागले. १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यानेही एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांची परस्पर जबाबदारी हाच पाया धरला. शेजाराची जी शक्ती कर्ड्यात नकारासाठी वापरली गेली, तीच येथे पत उभी करण्यासाठी वापरण्याचा हा प्रयत्न होता.

येथवरची कथा ऐकायला सुखद आहे. परंतु तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १८७५ मध्ये रोष मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. ब्राह्मण सावकारांना फारसा उपद्रव झाला नाही. व्याज तर तेही घेत होते. मग हा फरक का? गावात रुजलेला सावकार आणि बाहेरून आलेला, 'उपरा' सावकार यांत गाव भेद करत होते, हे एक उत्तर संभवते. गावाची एकी अन्यायाविरुद्ध होती हे खरे, पण आपले कोण आणि परके कोण ही रेघही तिने आधीच आखलेली होती. शिवाय ज्या बलुतेदारांना करारात बांधून घेतले, त्यांपैकी महार-मांगांना त्या पंगतीत मुळातच जागा नव्हती. करार मोडल्यास त्यांचे नुकसान होणार, पण पाळल्याने त्यांची पायरी बदलणार नाही, असा तो सौदा होता.

म्हणूनच हे हत्यार पुढे कोणाकोणावर चालले ते पाहावे लागते. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते. १९३० च्या अहवालात या समितीने नोंदवले की अस्पृश्यांनी आपले हक्क बजावू पाहिले की गावचे वरचे वर्ग त्यांच्यावर बहिष्काराचे शस्त्र उगारतात. काम बंद, वाणसामान बंद, वाट बंद. पद्धत कर्ड्याचीच, फक्त दिशा उलटी. जातपंचायतींनी आपल्याच लोकांना वाळीत टाकण्याचे प्रकार तर एकविसाव्या शतकातही उघडकीस येत राहिले. अखेर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला आणि २०१७ पासून तो अमलात आला. अशा बहिष्काराला गुन्हा ठरवणारा कायदा ज्या राज्यात करावा लागला, त्याच राज्याच्या इतिहासात कर्ड्याचे पान आहे. ही दोन पाने एकत्र वाचली पाहिजेत.

आज त्याच शिरूर तालुक्यात रांजणगावची आणि दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. परगावांहून, परराज्यांतून आलेली माणसे येथे खोल्या घेऊन राहतात. सोसायट्या झाल्या, त्यांच्या समित्या झाल्या, गणेशोत्सवाची मंडळे झाली, पाण्याच्या टँकरपासून कचऱ्यापर्यंतचे प्रश्न शेजाऱ्यांनी मिळून सोडवण्याचे दिवस पुन्हा आले. अशा प्रत्येक संघटनेपुढे कळसच्या कराराने मांडलेले दोन प्रश्न आजही उभे असतात. आपण मिळून कोणत्या अन्यायाला नाही म्हणणार, हा पहिला. आणि ते म्हणताना आपल्यातल्या कोणाला पाणी नाकारणार नाही, हा दुसरा. १८७४ च्या कर्ड्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर धैर्याने दिले. दुसरा प्रश्न त्या गावाला पडला नव्हता. तो आपल्याला पडायला हवा.