तळटीप : ब्यूक जीएस ४५५

३. ब्यूक जीएस ४५५ : अमेरिकेतील जनरल मोटर्सची १९७० सालची गाडी. येथे अभिप्रेत आहे ती तिची कापडी टप दुमडता येणारी, म्हणजे ‘कन्व्हर्टिबल’ आवृत्ती. मध्यम आकाराच्या गाडीत अवाढव्य इंजिन बसवले की तिला तिकडे ‘मसल कार’ म्हणत. ब्यूकची ख्याती मात्र डॉक्टर-वकिलांची सभ्य, ऐसपैस गाडी अशी. त्यामुळे हिच्यात दांडगाईच्या जोडीला ऐषारामही आला. मध्यम गाड्यांत ४०० घनइंचांहून मोठे इंजिन न बसवण्याचा कंपनीचा दंडक त्याच वर्षी उठला आणि ४५५ घनइंचांचे, म्हणजे जवळपास साडेसात लिटरचे इंजिन हिला मिळाले. ‘स्टेज १’ या अधिक जोरकस प्रकाराची शक्ती कागदोपत्री ३६० अश्वशक्ती होती. १९७१पासून कमी शिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले गेले आणि तो जोम ओसरला. ‘स्टेज १’ कन्व्हर्टिबल १९७०मध्ये अडीचशेही निघाल्या नाहीत. संग्राहकांची ओढ आहे ती यासाठी. ब्यूकच्याच साध्या ‘स्कायलार्क’ गाडीवर जीएसचा साज चढवून विकणारेही असतात. म्हणून जाणकार रंगापेक्षा इंजिनावर ठोकलेला क्रमांक आणि मूळ कागदपत्रे आधी पाहतो. — संपा.