गांव, दारू आणि विस्तव

2024 सालच्या फाल्गुनांत शिमग्यासाठीं मी रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या गांवीं गेलों होतों. लोकसभेच्या निवडणुकीची घोषणा नुकतीच झाली होती. ग्रामपंचायतीच्या कचेरीबाहेरील फळ्यावर खडूनें तीन सूचना लिहिलेल्या दिसल्या. रानास अथवा बांधावरील गवतास आग लावूं नये, ही पहिली. परवान्याच्या बंदुका बाळगणारांनीं त्या पोलिस ठाण्यांत जमा कराव्या, ही दुसरी. शिमग्याच्या दिवसांत मुलांनीं वाटेवरच्या मोटारींवर व माणसांवर दगड-ढेकळें फेंकूं नयेत, ही तिसरी. सारा जन्म वर्गांतील फळा लिहिण्या-पुसण्यांत गेल्यामुळें माझें लक्ष आधीं शुद्धलेखनाच्या चार चुकांकडे गेलें, व मग मजकुराकडे. त्या तीन ओळी वाचतांना मनांत आलें कीं, विस्तव, बंदूक आणि फेंकलेला दगड हीं तिन्ही एका फळ्यावर येणें हा कांहीं योगायोग नव्हे. एकदां माणसाच्या हातून सुटलीं कीं तीं कोणाच्या घरावर जाऊन पडतील याचा नेम नसतो. म्हणून गांव वसलें तेव्हांपासून गांवाला यांच्याविषयीं नियम करावे लागले आहेत. ते नियम कोणी केले आणि कोणाच्या सोयीसाठीं केले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्याकडील या विषयावरचा एक फार चांगला लेख शिवाजी महाराजांच्या पत्रांत सांपडतो. राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे 1673-74 च्या उन्हाळ्यांत, घोडदळाची छावणी चिपळुणाजवळ पडलेली होती. तेथील जुमलेदार व हवालदार यांना महाराजांनीं एक लांबलचक पत्र लिहिलें. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण आतांच उधळलीत तर पुढें घोडीं उपाशी मरतील, तुम्ही कुणब्यांच्या घरांतून दाणा, गवत, लांकूड ओढून आणूं लागाल, आणि मग रयत मोगलापेक्षां तुम्हांलाच अधिक वाईट म्हणेल, असा त्याचा आशय आहे. परंतु पत्राचा उत्तरार्ध सगळा आगीविषयीं आहे. कोणी गवताच्या गंजीपाशीं चूल मांडील, कोणी वाऱ्याचा विचार न करतां तंबाखू ओढील, कोणी रात्रीं दिवा तसाच ठेवून निजेल आणि उंदीर ती पेटती वात घेऊन गवतांत शिरेल, अशा एकेक शक्यता महाराज मोजून दाखवितात. एक लष्कर उभें करणारा राजा उंदराच्या तोंडांतील वातीचा विचार करतो, याचें मला दरवेळीं नवल वाटतें. मुलांना हें पत्र शिकवितांना अफझलखानाच्या प्रसंगापेक्षांही मी याच भागावर जास्त रेंगाळत असें. पाठ्यक्रम त्यामुळें मागें पडे, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं, 1715 च्या आसपास, रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्र लिहिलें. त्यांत किल्ल्यावरच्या दारूखान्याचे नियम आहेत. दारूखाना घरांच्या जवळ नसावा, इतकेंच नव्हे तर घरांच्या वाऱ्याखालींही नसावा. दारूची मडकीं तळघरांत माचावर ठेवावीं. बाण आणि होके, म्हणजे पेटवून सोडण्याचीं व फेंकण्याचीं अस्त्रें, निराळ्या जागीं असावीं. आठपंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन सगळें बाहेर काढावें, ऊन द्यावें, व पुन्हां मोहोर करून बंद करावें. नियम कोरडा आहे. पण तो कोणा अनुभवी माणसानें लिहिला आहे हें लगेच कळतें, कारण त्यांत वाऱ्याची दिशा आहे.

खेड्याला असे लेखी नियम नव्हते. तेथें घरें गवतानें शाकारलेलीं, एकाला एक लागून, आणि चैत्र-वैशाखांत वारा सुटलेला. एका चुलीची ठिणगी आळी जाळूं शके. तरीही कोंकणच्या शेतकऱ्याला दरसाल आपल्या हातानें मोठा जाळ करावाच लागे, आणि तो भाजावळीचा. शहरांतील श्रोत्यांसाठीं हें थोडें उलगडून सांगतों. भाताचें किंवा नाचणीचें रोप ज्या तुकड्यांत तयार करावयाचें त्यावर आधीं शेण पसरतात. त्यावर झाडांच्या तोडलेल्या डहाळ्यांचें कवळ, मग सुका पातेरा व गवत, आणि सर्वांवर मातीचा पातळ थर. या थरांना राब म्हणतात. मातीमुळें राब भडकत नाहीं, धुमसत जळतो. त्यानें तणाचें बीं मरतें, राख मिळते व जमीन तापून भुसभुशीत होते. तो पेटवावयाचा पहांटे अगर सांजवेळीं, वारा पडलेला असतांना, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनें, म्हणजे आग वाऱ्याबरोबर धांवत न सुटतां त्याच्याविरुद्ध हळूहळू सरकते. बांधाच्या कडेचें गवत आधीं खरवडून काढतात. हातांत ओली डहाळी घेऊन एक माणूस उभा असतो. हें सर्व आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असे, परंतु कोणत्याही कायद्यांत लिहिलेलें नव्हतें.

इंग्रजी अमलांत कायदा लिहिला गेला, आणि तो दोन तोंडांचा निघाला. 1860 च्या पीनल कोडांतील 435 वें कलम पाहा. आग लावून मुद्दाम नुकसान करणाराला सात वर्षांपर्यंत कैद, पण नुकसान निदान शंभर रुपयांचें पाहिजे. जळालेला माल शेतांतला असेल तर मात्र दहा रुपये पुरेत. दहा रुपयांची कडब्याची गंजी गरिबाला शंभर रुपयांच्या ठिकाणीं असते, हें त्या कलमानें ओळखलें होतें. तें कलम 30 जून 2024 पर्यंत लागू होतें. याच्या उलट जंगलाचा कायदा. 1878 च्या कायद्यानें राखीव जंगलें आंखलीं गेलीं आणि त्या हद्दींत विस्तव नेणें हाच अपराध ठरला. राबासाठीं कवळ तोडावयाचें तें ज्या झाडांवरून, तीं झाडें आतां सरकारची झालीं. ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली कीं, 1885 सालीं मुंबई सरकारास जंगल चौकशी कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल 1887 सालीं निघाला. राब, इमारती लांकूड व गुरचराई या तक्रारींनीं तें काम भरून गेलें होतें. असंतोष मात्र संपला नाहीं. 25 सप्टेंबर 1930 रोजीं कुलाबा जिल्ह्यांतील चिरनेर येथें जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, तेव्हां त्याचें मूळ कायदेभंगाच्या चळवळीइतकेंच या जुन्या दुखण्यांतही होतें. 1927 च्या जंगल कायद्यांत एक गोष्ट मात्र जुन्या गांवकीसारखी राहिली. जंगलांत ज्यांचा हक्क आहे त्यांनीं आग दिसतांच वर्दी द्यावी व ती विझविण्यास धांवावें, असें त्यांत बंधन आहे. वणवा लागला म्हणजे हंडे-कळशा घेऊन गांवानें धांवणें ही पूर्वीची चाल होती. तिला कलमाचा आंकडा मिळाला, इतकेंच.

आतां बंदुकीकडे येतों. येथें मला एका गांवाची हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आपल्या शालेय इतिहासांत ती सहसा येत नाहीं. तें गांव हलगली. हल्लीं तें कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत आहे; त्या काळीं तें घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानांत होतें. वस्ती मुख्यतः बेरडांची. शिकार, राखण आणि शिपाईगिरी यांवर त्यांचें पोट. त्यांच्या घरांतील तलवार व बंदूक हीं नांगरासारखीं धंद्याचीं साधनें होतीं. 1857 चा उठाव उत्तरेस चालूं असतां सरकारनें त्याच वर्षीं हत्यारांसंबंधीं कायदा केला. शस्त्रांची नोंद करावी, परवाना घ्यावा, नाहींतर शस्त्र द्यावें, असा हुकूम संस्थानांतून फिरला. हलगलीच्या बेरडांनीं तो मानला नाहीं. त्यांची समजूत घालण्याचे प्रयत्न झाले. पण आज हत्यार दिलें तर उद्यां अब्रूही जाईल, अशी त्यांची पक्की धारणा होती. आसपासच्या गांवांतील लोक त्यांना येऊन मिळाले.

नोव्हेंबर 1857 च्या अखेरीस इंग्रजी फौज रात्रींची चालून आली. बेरडांनीं घरांच्या आडोशानें गोळीबार केला, फौजेला आंत शिरूं देईनात. तेव्हां गांवालाच आग लावण्यांत आली. शेंकड्यांनीं माणसें मेलीं किंवा पकडलीं गेलीं. पुढें डिसेंबरांत 19 जणांना फांशी दिली. कांहींना मुधोळास आणि बाकीच्यांना त्यांच्याच जळलेल्या गांवांत. या प्रसंगावर कानडींत पोवाडा झाला. फ्लीट नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें तो लोकांच्या तोंडून उतरून घेऊन 1885 च्या सुमारास छापला. ज्या सरकारनें गांव जाळलें त्याच्याच एका नोकरानें त्याचें गाणें जपून ठेवलें.

माझ्या समजुतीप्रमाणें हलगलीचें भांडण नियम असावा कीं नसावा असें नव्हतें. बेरडांना स्वतःचे नियम होतेच. राखणदाराची बंदूक केव्हां झाडावी व कोणावर, हें त्यांना कोणी शिकवावयाची गरज नव्हती. प्रश्न हा होता कीं, राखण करणाऱ्याचें हत्यार काढून घेतल्यावर राखण कोणी करावयाची. त्याचें उत्तर त्या कायद्यांत नव्हतें. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील 1878 च्या हत्यारांच्या कायद्यांतही तें नव्हतें. तो कायदा रद्द करावा अथवा सुधारावा यासाठीं राष्ट्रीय सभेनें आपल्या पहिल्या कांहीं अधिवेशनांपासून मागणी लावून धरली होती.

स्वराज्यांत 1959 सालीं नवा कायदा झाला. त्यानें शेतकऱ्याची थोडी आठवण ठेवली. पिकाच्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक बाळगणाराला परवाना द्यावा, अशी तरतूद त्यांत आहे. लाठी व साधी हातांतील काठी यांना हत्यार समजूं नये, असेंही त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. आमच्या कोंकणांत अशा ठासणीच्या बंदुका पिढ्यान् पिढ्या वाशाला टांगलेल्या आहेत. परंतु 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळें परवान्याची बंदूक हातांत असली तरी रानडुकरावर ती झाडण्यास निराळी परवानगी लागते. म्हणजे बहुतेक वेळां बंदुकीचा उपयोग आवाजापुरताच. त्यांतही निवडणूक आली कीं ती जमा करावयाची. लोकसभेची निवडणूक आंबा-काजूच्या हंगामांत येते, तेव्हां बागांत वानर शिरलेले असतात. विधानसभेची 2014 व 2019 सालीं ऑक्टोबरांत झाली आणि 2024 सालीं नोव्हेंबरांत, म्हणजे भात पिकून डुकरें शेतांत लोळूं लागतात नेमक्या त्या दिवसांत. मतदानाच्या वेळीं गांवांत शांतता राहिली पाहिजे, हें खरेंच आहे. पण पंचांग पाहून हुकूम काढण्याची रीत आपल्या कचेऱ्यांना अद्याप साधलेली नाहीं.

राहिला दगड. गोफणीला परवाना लागत नाहीं. ज्वारीच्या शेतांत माळ्यावर उभें राहून गोफण फिरविणारी मुलगी कोणत्याही कलमांत सांपडत नाहीं. तरीही एका ठिकाणीं सरकारला गोफणीवर बंदी घालावी लागली आहे. मध्यप्रदेशांतील पांढुर्णा येथें, जेथें मराठी बोलणारांची मोठी वस्ती आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं गोटमार होते. जाम नदीच्या पात्रांत पळसाचें झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका तीरावर पांढुर्ण्याचे लोक व दुसऱ्या तीरावर सांवरगांवचे. झेंडा कोणी न्यावयाचा याचा निकाल दगडांनीं लागतो. दरसाल शेंकडों लोक जखमी होतात, आणि आजवर अनेकांचे प्राणही गेले आहेत. अधिकाऱ्यांनीं दगडांऐवजीं रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनीं ते बाजूस टाकून पुन्हां दगड उचलले. आतां गोफणीस मनाई असते, जमावबंदी पुकारली जाते, रुग्णवाहिका तीरावर उभ्या असतात, आणि गोटमार होतेच. आंतून न उगवलेला नियम गांवांत किती खोल रुजतो, याविषयीं मला या नदीकांठावरून शंका येते. पण तेथील आईबापांनाही ही चाल नकोशी झालेली आहे असें ऐकतों, तेव्हां गांवचा नियम म्हणजे तरी कोणाचा, हाही प्रश्न उरतोच.

शहरांतील मंडळींनीं हें सर्व खेड्याचें म्हणून ऐकून सोडूं नये. 2016 च्या डिसेंबरांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें उघड्यावर कचरा जाळणाराला पांच हजार रुपये, व मोठ्या प्रमाणावर जाळणाराला पंचवीस हजार रुपये भरपाईचा हुकूम केला. 2018 सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिवाळीचे फटाके रात्रीं आठ ते दहा या दोन तासांत बसविले. हे दोन्ही नियम मोडलेले आपण आपल्याच सज्जांतून पाहतों.

त्या फाल्गुनांत माझ्या शेजारच्या नानांनीं बंदूक पोत्यांत गुंडाळली व एस. टी. नें ठाण्यांत नेऊन दिली. परत आले तों हातांत पावती होती. ती चष्मा लावून मला वाचावयास सांगितली. नांव बरोबर आहे ना, एवढेंच त्यांना पाहावयाचें होतें. मीं म्हटलें, "नाना, आतां वानरांचें काय?" ते म्हणाले, "गुरुजी, डबे वाजवायचे." दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांच्या खाचरांतून धूर येऊं लागला. मी बाहेर येऊन पाहिलें, तर वारा पडलेला होता, कडेचें गवत खरवडलेलें होतें, आणि त्यांची नात ओली डहाळी घेऊन बांधावर उभी होती.