मशीनवर पाय बधिर का होतो? एका जुन्या तक्रारीचा इतिहास

"डॉक्टर, इलिप्टिकलवर पंधरा-वीस मिनिटं झाली की पायाची बोटं बधिर होतात. उतरलं की पाच मिनिटांत सगळं ठीक. शुगर नॉर्मल आहे. मग हे काय?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा मधुमेहाची, नाहीतर लकव्याची भीती असते. मशीन नवीन असले तरी तक्रार फार जुनी आहे, आणि तिचे कारण शोधायला डॉक्टरांना शंभरहून अधिक वर्षे लागली.

आधी मशीनबद्दल थोडेसे. ट्रेडमिलचा पूर्वज इंग्लंडच्या तुरुंगांत होता. १८१८ साली विल्यम क्युबिट या अभियंत्याने कैद्यांना राबवण्यासाठी पायऱ्यांचे मोठे फिरते चाक बनवले आणि कैदी तासन्तास ते चढत राहत. (जिमची फी भरून आपण हेच करतो, असे एक रुग्ण मला म्हणाले होते!) पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत सिएटल येथे डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी ट्रेडमिलचा उपयोग हृदयाच्या तपासणीसाठी केला. तुमच्या टीएमटीच्या रिपोर्टवर 'ब्रूस प्रोटोकॉल' असे लिहिलेले असते, ते हेच ब्रूस. इलिप्टिकल किंवा क्रॉस-ट्रेनर मात्र १९९०च्या दशकातला. त्याची खासियत अशी की पाय पेडलवरून उचलला जातच नाही. गुडघ्यांना धक्का बसत नाही हा त्याचा फायदा, पण चवड्याला क्षणभरही मोकळीक मिळत नाही. चालताना प्रत्येक पावलागणिक पाय हवेत जातो आणि तळव्यावरचा दाब सुटतो. तो विसावा इथे नसतो.

आता पायाकडे येऊ. १८३५ साली इटलीत फिलिप्पो चिविनिनी या शरीररचनातज्ज्ञाने तळपायाच्या एका मज्जातंतूवर गाठीसारखी जाडी पाहिली आणि नोंदवली. १८४५ साली लंडनचे ल्युईस डर्लाकर यांनी कुरूपे आणि नखांचे विकार यांवरच्या आपल्या पुस्तकात तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधल्या वेदनेचे वर्णन केले. डर्लाकर हे राजघराण्याच्या पायांची निगा राखणारे, व्हिक्टोरिया राणीच्या पदरी असलेले. पण कुरूपे काढणाऱ्याचे म्हणणे मोठ्या डॉक्टरांनी मनावर घेतले नसावे, कारण आजाराला नाव मिळाले ते फिलाडेल्फियाच्या थॉमस मॉर्टन या शल्यविशारदांचे, १८७६ साली. त्यांच्या रुग्णांत बहुतेक स्त्रिया होत्या. चवड्यात अचानक कळ येई आणि बूट काढून पाय चोळल्याशिवाय चैन पडत नसे. मज्जातंतू चिमटला जातो हे मॉर्टन यांनी ओळखले, पण दोष त्यांनी चौथ्या बोटाच्या मुळाशी असलेल्या सांध्याला दिला आणि तो सांधाच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचवली. सांध्याला हात न लावता फक्त जाड झालेली नस काढावी, हे १९४० साली ऑस्ट्रेलियातल्या बेट्स यांनी ठामपणे मांडले. आज आपण याला 'मॉर्टन्स न्यूरोमा' म्हणतो. नावात 'ओमा' असल्याने रुग्ण कॅन्सरच्या शंकेने घाबरतात. पण ही खरी गाठ नव्हेच. सततच्या दाबाने नसेभोवती जाड झालेले तंतू आहेत, इतकेच.

अर्थात जिममध्ये पाय बधिर होणाऱ्या प्रत्येकाला न्यूरोमा नसतो. बहुतेकांची नस निरोगी असते. मग ती काम करणे थांबवते कशी, आणि पाच मिनिटांत पुन्हा सुरू कशी होते? मला सर्वांत आवडणारा प्रयोग इथे येतो. १९३१ साली लंडनमध्ये सर थॉमस लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या दंडाला रक्तदाब मोजतो तसा पट्टा बांधला आणि रक्तप्रवाह पूर्ण थांबेल इतका फुगवला. सुमारे पाव तासात स्पर्शाची जाणीव जाऊ लागली. ती आधी बोटांच्या टोकांपासून गेली आणि बधिरपणा हळूहळू वर सरकत आला. पट्टा सोडला की मुंग्या येत आणि जाणीव परत येई. त्यांचा निष्कर्ष असा की नस दबून 'तुटत' नाही. पट्ट्याखालच्या तेवढ्या भागाला रक्त मिळत नाही, म्हणून ती उपाशी राहते. मज्जातंतूला संदेश वाहण्यासाठी सतत प्राणवायू लागतो. तो थांबला की संदेश थांबतो, आणि रक्त आले की सुरू होतो. मांडी घालून जेवायला बसल्यावर पाय 'झोपतो', त्यातही असेच घडते.

मग दाबाने नस कधीच बिघडत नाही का? बिघडते. १९७२ साली ओचोआ, फाउलर आणि गिलियट यांनी बबून माकडांच्या पायाला घट्ट पट्टा बांधून नस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पट्ट्याच्या कडांपाशी नसेवरचे मायलिनचे आवरण, एका नळीत दुसरी नळी सरकावी तसे, आत घुसलेले दिसले. ही इजा रक्त आल्याबरोबर भरत नाही, तिला आठवडे किंवा महिने लागतात. म्हणूनच मी तुम्हाला विचारतो, की उतरल्यावर किती वेळात पाय पूर्ववत होतो? पाच-दहा मिनिटांत होत असेल, तर लुईस यांचा पट्टा. दुसऱ्या दिवशीही बोटे सुन्न असतील, तर वाट पाहू नका.

दुसरा प्रश्न, नेमकी कुठली जागा? तिसऱ्या-चौथ्या बोटांत असेल, तर चवड्यातली नस. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यात असेल, तर पायाच्या वरच्या बाजूला लेस आवळली जात असते. आपल्याकडे दिवसभर चपला घातलेला पाय पसरट असतो. तो संध्याकाळी, थोडा सुजलेला असताना, लांबी पाहून घेतलेल्या अरुंद बुटात कोंबला जातो. बूट संध्याकाळीच विकत घ्या, पुढचा भाग रुंद पाहा, दुखऱ्या जागेवरच्या छिद्रांतून लेस ओवू नका. पेडलवर टाच टेकवा आणि दर पाच-सात मिनिटांनी थांबून बोटे हलवा. बहुतेकांचे एवढ्यात भागते.

तिसरा प्रश्न ऐकून रुग्ण हसतात: कोणत्या मशीनवर? नेदरलँड्सच्या हेंक फर्बीस्ट यांनी १९५४ साली कंबरेतल्या मणक्यांची नळी जन्मतः अरुंद असल्याने चालताना पाय जड आणि बधिर होणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. हे लोक बसले किंवा पुढे वाकले की बरे होतात. म्हणून ट्रेडमिलवर पाच मिनिटे न टिकणारा साठीचा माणूस सायकल मात्र अर्धा तास आरामात चालवतो. तक्रार पायाची, पण कारण कंबरेत. उलट, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर सायकलवरही पोटरी भरून येते, कारण स्नायूंना रक्त कमीच पडते. धूम्रपान करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

तरुण खेळाडूंत आणखी एक प्रकार दिसतो. व्यायामाने नडगीजवळचे स्नायू फुगतात, त्यांच्याभोवतीचे घट्ट आवरण ताणले जात नाही, आत दाब वाढतो. नडगी दगडासारखी कडक होते, पावलाची वरची बाजू बधिर होते, कधी पाऊल आपटू लागते. १९५६ साली मेव्हर यांनी एका फुटबॉलपटूत हे ओळखून आवरण उघडण्याची शस्त्रक्रिया केली. लेस सैल करून हे बरे होत नाही. आणि उतरल्यावरही नडगीची कळ वाढतच गेली, तर तातडीने रुग्णालय गाठा.

मधुमेहाचा बधिरपणा यापेक्षा वेगळा. तो मशीनची वाट पाहत नाही. दोन्ही पायांत, बोटांपासून सुरू होतो आणि रात्री जास्त त्रास देतो. अशा पायाला बूट चावलेलाही कळत नाही, म्हणून मधुमेहींनी व्यायामानंतर मोजे काढून तळवे डोळ्यांनी पाहावेत.

दाखवायला येताना जिमचे बूट बरोबर आणा, आणि लेस नेहमी बांधता तशीच बांधलेली असू द्या.