जुन्या विद्युत्-वाद्यांची मोहिनी

नवें यंत्र आलें कीं जुनें अडगळींत पडावें, हा यंत्रयुगाचा सामान्य नियम होय. परंतु अ‍ॅनॅलॉग सिंथेसायझर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वाद्यांनीं हा नियम खोटा ठरविला आहे. अधिक अचूक वाद्य हातीं असतांहि वादक जुन्याकडे वळतो, याचें कारण काय?

या वाद्यांत तार नाहीं कीं भाता नाहीं. विजेच्या दाबाच्या आंदोलनांतूनच स्वर निर्माण होतो व गाळणीनें त्यांतील तीव्र अंश कमीअधिक करून त्यास घाट देतात. अमेरिकेंत १९६४ सालीं रॉबर्ट मूग यांनीं हर्बर्ट डॉइच या संगीतरचनाकाराच्या साहाय्यानें असें वाद्य सिद्ध केलें. १९६८ सालीं वेंडी कार्लोस यांची बाखच्या रचनांची तबकडी निघाली आणि सामान्य श्रोत्यांस त्याची ओळख पटली. मात्र उष्णतेच्या फरकानें त्याचा स्वर किंचित् ढळे. १९८३ सालीं यामाहा कंपनीचें डीएक्स-७ हें अंकगणितावर चालणारें वाद्य आलें. त्याचा स्वर ढळत नसे. जुन्या वाद्यांचा भाव साहजिकच उतरला.

रोलंड या जपानी कंपनीच्या टीबी-३०३ ची कथा याहून बोधप्रद आहे. एकट्यानें गिटार वाजविणारास खर्जाची साथ मिळावी म्हणून तें केलेलें. पण नक्कल साधली नाहीं, आणि १९८४ सालीं त्याची निर्मिति थांबली. तत्पूर्वींच, १९८२ सालीं, मुंबईंत हिंदी चित्रपटसंगीतांतील वादक चरणजित सिंग यांनीं तें घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले होते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्यांत सोय आहे. ज्या पेटीवर मींड निघत नाहीं अशी तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकली, तिच्या मानानें हा गुण केवढा! ती तबकडी त्या वेळीं खपली नाहीं. २०१० सालीं ती पुनः निघाली, तेव्हां जगानें तिचें कौतुक केलें. दरम्यान शिकागोंतील तरुणांनीं तेंच यंत्र जुन्या बाजारांत स्वस्तांत घेतलें आणि वाजत असतांनाच त्याच्या खुंट्या फिरवून निराळाच नाद काढला. १९८७ सालीं फ्यूचर या त्यांच्या संघाची तबकडी निघाली व तींतून नृत्यसंगीताची एक नवी शाखाच उदयास आली.

हा सारा जुन्याचा हळवेपणा आहे, असें कोणी म्हणतील. परंतु त्या तरुणांच्या मनांत या यंत्राची कसलीच पूर्वस्मृति नव्हती. आणि चरणजित सिंगांच्या हातीं तर तें नवेंच होतें. त्यांस मोह पडला तो वयाचा नव्हे, स्वभावाचा. गिटारीशीं तुलना चालू होती तोंवर हें यंत्र सदोष होतें. ती तुलना सुटली आणि तेच दोष त्याचे गुण झाले. एखाद्या वस्तूस टाकाऊ ठरविण्यापूर्वीं आपण तिला तिच्याच मापानें मोजलें कीं दुसऱ्याच्या, एवढें तरी पाहणें हें रसिकतेचें पहिलें कर्तव्य होय.