१७. यशयाचा त्रेपन्नावा अध्याय

लेखक वर ज्याला नुसते ‘त्रेपन्नावा’ म्हणतो, तो जुन्या करारातील यशया या ग्रंथाचा ५३वा अध्याय. इतरांच्या पापांसाठी मुकाट्याने यातना सोसून मरणाऱ्या एका सेवकाचे त्यात वर्णन आहे (सुरुवात खरे तर ५२:१३ पासूनच होते). हा सेवक म्हणजे येशू, असे फिलिप्पाने हबशी अधिकाऱ्याला सांगितल्याची कथा ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात येते. विल्यम पेली याने १७९४ सालच्या आपल्या ग्रंथात भविष्यवाणीचा पुरावा म्हणून हाच उतारा पुढे केला. ज्यू भाष्यकार राशी (१०४०–११०५) मात्र सेवक म्हणजे पीडलेली इस्राएल प्रजा असे मानतो.

हा मजकूर येशूनंतर घुसडला, हा आक्षेप आता टिकत नाही. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत १९४७च्या सुमारास सापडलेली यशयाची गुंडाळी इसवी सनापूर्वी किमान शंभरेक वर्षांची आहे आणि तिच्यात हा अध्याय आहे. पण तेवढ्याने सेवक कोण, हे ठरत नाही. शिवाय शुभवर्तमाने लिहिणाऱ्यांना हे वचन चांगले परिचित होते. तेव्हा घटनेने वचन पुरे केले, की वचनाच्या उजेडात घटना सांगितली गेली, हा प्रश्न प्रामाणिक वाचकाला टाळता येणार नाही. श्रद्धावंताला या अध्यायातून मिळणारे बळ खरे आहे. त्यावरून संशयी माणसाला निरुत्तर करता येईल, असे मला वाटत नाही. लेखक पेलीच्याच वाटेने जातो. पुढचे दोन परिच्छेद त्या दृष्टीने वाचावेत. — संपा.